पत्ता बरोबर असेल तरच पत्र पोचतं

आज आपण माल कसा करायचा ते बोलणार नाही. डाळ, हळद, चिंच, लोणचं, हे तुम्हाला चांगलंच येतं. आज बोलू या विकण्याच्या पहिल्या पायरीबद्दल. ज्या व्यापाऱ्याने आपलं नावही ऐकलेलं नाही, त्याला ईमेल पाठवायचा तर पत्ता शोधायचा कुठे? आणि तो खरा आहे हे ओळखायचं कसं?

आधी आमची चूक सांगतो. एका दिवाळीआधी आमच्या गटाने पाचशे रुपये देऊन दोनशे दुकानांच्या ईमेलची तयार यादी विकत घेतली. एका रात्रीत सगळ्यांना एकच पत्र पाठवलं. सकाळी बघतो तर निम्म्याहून जास्त पत्रं परत! काही पत्ते बंद पडलेले, काहींचं स्पेलिंगच चुकलेलं. दिवाळी झाल्यावर ओळखीचे एक हॉटेलवाले भेटले. म्हणाले, "ताई, तुमचं पत्र स्पॅममध्ये पडलं होतं, आज दिसलं." तोवर आमची दीड क्विंटल तूरडाळ घरातच पडून होती.

असं का झालं? ईमेलची सेवा देणाऱ्या कंपन्या लक्ष ठेवून असतात. एखाद्या खात्यावरून एकदम खूप पत्रं गेली आणि त्यातली बरीच परत आली, की ते खातं त्यांना संशयाचं वाटतं. मग बरोबर पत्त्यावरची पत्रंही स्पॅममध्ये जाऊ लागतात. म्हणजे चुकीचा पत्ता नुसता वाया जात नाही, चांगल्या पत्त्याचंही नुकसान करतो. म्हणून दोनशे कच्च्या पत्त्यांपेक्षा दहा पक्के बरे.

मग पक्के पत्ते मिळतात कुठे? ते विकत घ्यावे लागत नाहीत, डोळ्यांसमोर छापलेले असतात. किराणा दुकानातलं कुठलंही पाकीट उलटं करून बघा. तक्रारीसाठी कुणाशी बोलायचं त्याचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल वेष्टनावर छापायचा, असा पॅकबंद मालाचा 2011 चा नियमच आहे. लातूर-नांदेडला गेलात की हॉटेलचं बिल, मिठाईच्या दुकानाचा बॉक्स, डाळ मिलच्या पोत्यावरचा छापा बघा आणि फोटो काढून ठेवा. दुकानाची वेबसाइट असेल तर 'संपर्क' पान उघडा. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला गेलात तर मिळालेलं प्रत्येक कार्ड जपा. एक पथ्य मात्र पाळा. दुकानाने स्वतः जाहीर केलेलाच पत्ता घ्यायचा. कुणाचा घरचा, खासगी पत्ता तिसऱ्याकडून घ्यायचा नाही.

आता पत्ता तपासायचा. याच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, फोन. पाकिटावरचा ईमेल बहुतेक वेळा तक्रारींचा असतो, खरेदी करणारा माणूस वेगळा असतो. फोन करून एवढंच विचारा, "नमस्कार, आम्ही महिला बचत गटाकडून बोलतोय. तूरडाळीचा नमुना आणि भाव पाठवायचाय. तुमच्याकडे खरेदी कोण बघतं? त्यांचा ऑफिसचा ईमेल सांगता का?" सांगतील तो एकेक अक्षर म्हणत लिहा आणि परत वाचून दाखवा. टिंब कुठे, आडवी रेघ कुठे, शेवटी 'कॉम' की 'इन', हे विचारा. पत्त्यात मोकळी जागा कधीच नसते.

दुसरी पायरी, 'अ‍ॅट'च्या पुढचा भाग. तिथे दुकानाच्या वेबसाइटचं नाव असेल तर तेवढंच मोबाइलवर टाकून उघडा. त्याच दुकानाचं पान उघडलं तर ठीक. मोठी कंपनी म्हणवणारा माणूस साध्या जीमेलवरून लिहीत असेल किंवा नावात एखादं अक्षर जास्त असेल, तर थांबा.

तिसरी पायरी, जीएसटी नंबर. तो 15 अक्षरं-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे 27, आपल्या शेजारच्या तेलंगणाचे 36, कर्नाटकाचे 29. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर हा नंबर टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकटात दिसतं. बिलावरचं नाव आणि तिथलं नाव जुळलं पाहिजे.

चौथी पायरी, एकच छोटं पत्र. परत आलं तर कारण वाचा. 'पत्ता सापडला नाही' असेल तर वहीतून खोडा. 'मेलबॉक्स भरला आहे' असेल तर आठ दिवसांनी पुन्हा पाठवा. आणि परत आलं नाही म्हणजे वाचलं, असंही नाही. दोन दिवसांनी एक फोन करा.

पत्र सहा-सात ओळींचंच ठेवा. आपण कोण, गाव कुठलं, माल काय, महिन्याला किती देऊ शकतो, भाव काय, अन्न परवान्याचा नंबर आणि आपला फोन. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमचा माल तिथला असेल आणि मानांकनाचे वापरकर्ते म्हणून तुमची नोंद असेल, तरच ते नाव लिहा. उगाच लिहिलं तर पहिल्याच चौकशीत विश्वास जातो. शेवटी लिहा, "नको असल्यास कळवा, पुन्हा पत्र पाठवणार नाही." आणि तसं खरंच वागा.

एक सावधगिरी. पत्र गेलं की कधी उलट मोठी ऑर्डर येते. "शंभर किलो पाठवा, पण आधी नोंदणीचे दोन हजार भरा," किंवा "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झाली तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता आम्ही एक वही ठेवली आहे. दुकान, ईमेल, कुठून मिळाला, फोनवर कोण बोललं, जीएसटी तपासला का, पत्र कधी गेलं, उत्तर काय, असे रकाने आखलेत. दुसऱ्या वेळी बाराच पत्रं पाठवली. तिघांनी नमुना मागवला, एक हॉटेल आता दर महिन्याला डाळ घेतं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक पाकीट किंवा एक बिल घेऊन या. वीस जणींचे वीस पत्ते होतील. त्यातले तपासून दहा उरले तरी कामाला सुरुवात झाली. आणि हो, आपल्या स्वतःच्या पाकिटावर आपला ईमेल नीट छापलाय का, तेही बघा. आपण जसं गिऱ्हाईक शोधतो, तसंच एखादं गिऱ्हाईक आपल्याला शोधत असेल.