रक्कम लहान, अर्ज मोठा

अमेरिकेत इंग्रजी न येता शाळेत दाखल होणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकार जो खास निधी देते, त्याला तिथल्या शिक्षण खात्यात ‘टायटल थ्री’ म्हणतात. २०२३ आणि २०२४ या आर्थिक वर्षांत त्यासाठी सुमारे ८९ कोटी डॉलरची तरतूद होती. आकडा घसघशीत वाटतो, पण सरकारी शाळांतली अशी मुले आहेत ५० लाखांहून अधिक, म्हणजे दर दहांत एक. भागाकार केला की एका मुलाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १७० डॉलर येतात. एका विद्यार्थ्यावर तिथे वर्षाकाठी १५ हजार डॉलरहून जास्त खर्च होतो. त्यातला हा एक टक्का. एवढ्यासाठी स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने आराखडा, अंदाजपत्रक आणि हमीपत्रांचा गठ्ठा कशाला तयार करायचा, हा प्रश्न रास्तच आहे. तरीही माझे मत असे की या योजनेचे मोल तिच्या पैशात कमी आणि तिच्या अर्जात जास्त आहे.

१९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा पहिला केंद्रीय कायदा झाला, तेव्हा हा निधी स्पर्धेने मिळे. ज्याचा प्रस्ताव झकास, त्याला पैसे. साहजिकच प्रस्ताव लिहिणारा हुशार माणूस पदरी असलेल्या डिस्ट्रिक्टचे फावे आणि गरजवंत मागे राहत. २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली आणि स्पर्धा जाऊन सूत्र आले. राज्यांचा वाटा ८० टक्के इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या संख्येवर आणि २० टक्के नव्याने आलेल्या स्थलांतरित मुलांच्या संख्येवर ठरू लागला. राज्याने त्यातले ९५ टक्के खाली डिस्ट्रिक्टपर्यंत पोहोचवायचे. दहा हजार डॉलरपेक्षा कमी वाटा येणाऱ्या डिस्ट्रिक्टला एकट्याने अर्ज करता येत नाही. जिथे अशी वीसच मुले आहेत, त्या डिस्ट्रिक्टने शेजाऱ्यांशी गट करायचा आणि एकाच्या नावे अर्ज भरायचा.

सूत्र म्हटले की मोजणी आली, आणि मोजणी सुरू होते प्रवेशाच्या वेळी पालकांसमोर येणाऱ्या एका साध्या कागदाने: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकले, घरी जास्त कोणती बोलली जाते. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात मराठी घरांनाही हा कागद भरावा लागतो. ‘मराठी’ लिहिले म्हणजे मूल ‘कच्चे’ ठरले असे नव्हे. त्यानंतर चाळणी परीक्षा होते, आणि इंग्रजी व्यवस्थित येणारे मूल तिथेच बाजूला निघते. जे राहते त्याच्या पालकांना शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवावे लागते, आणि दरवर्षी त्याची बोलणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे अशी चारही अंगांनी परीक्षा होते. अर्जात डिस्ट्रिक्टला लिहून द्यावे लागते की कोणत्या पद्धतीने शिकवणार, शिक्षकांना प्रशिक्षण काय देणार, पालकांना कसे सामील करून घेणार. शिकवणाऱ्याला इंग्रजी आणि वर्गात वापरली जाणारी दुसरी भाषा लिहिता-बोलता उत्तम येते, याचीही हमी द्यावी लागते. (ही शेवटची अट आपल्याकडच्या अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांना लावून पाहावी!)

अर्जातला सगळ्यात चिवट भाग खर्चाचा आहे. हा पैसा ‘पूरक’ असावा, आधीच्या खर्चाची जागा त्याने घेऊ नये, असा नियम आहे. इथे त्याचा अर्थ एका न्यायालयीन निकालाने ठरतो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १८०० चिनी भाषक मुलांना भाषेची काहीच मदत मिळत नव्हती. ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की सगळ्यांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. म्हणजे मुलाला इंग्रजी शिकवणे हे डिस्ट्रिक्टचे कर्तव्यच, अनुदान मिळो न मिळो. म्हणून चाळणी परीक्षेचा खर्च टायटल थ्रीतून करता येत नाही. इंग्रजीच्या मूळ तासाच्या शिक्षकाचा पगार नाही, पालकांना पाठवायच्या नेहमीच्या सूचनांचे भाषांतरही नाही. उन्हाळी वर्ग, शाळा सुटल्यावरची जादा शिकवणी, विज्ञानाच्या शिक्षकाला भाषा सांभाळून शिकवण्याचे प्रशिक्षण हे मात्र चालते. वरवर ही अडवणूक वाटते. पण या नियमामुळे ‘हे आम्ही करायलाच हवे’ आणि ‘हे आम्ही जास्तीचे करतो’ अशी दोन खाती डिस्ट्रिक्टला वेगळी मांडावी लागतात. १७० डॉलरच्या मिषाने बाकीच्या हजारो डॉलरचा हिशेब उघडा पडतो तो असा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मुलामागे पैसा दिला की शाळा मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतून बाहेरच काढणार नाही. आक्षेप पोकळ नाही. वर्षानुवर्षे यादीत अडकलेली मुले अमेरिकेत खरोखरच आहेत, आणि राज्यांच्या स्वतःच्या निधीसूत्रांत जिथे अशा मुलाचे वजन भरीव असते, तिथे मोह जास्त. पण टायटल थ्रीला दोष देण्याआधी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’च्या जागी आलेल्या २०१५ च्या कायद्याने काय केले ते पाहावे. यादीतून बाहेर पडण्याचे निकष राज्यभर एकच केले, पाच वर्षांनंतरही बाहेर न पडलेल्या मुलांची संख्या कळवायला लावली, आणि बाहेर पडलेली मुले पुढची चार वर्षे कशी शिकतात तेही मागितले. लबाडी पकडण्याची सोय त्याच कागदपत्रांत आहे. दुसरा आक्षेप म्हणजे हे सगळे नुसते कागदी घोडे. लहान डिस्ट्रिक्टमध्ये एकच माणूस शिकवतो, परीक्षा घेतो आणि अर्जही भरतो. त्याचे तास वर्गातूनच वजा होतात, हे मान्य करायलाच हवे. त्यावर उपाय फॉर्म आटोपशीर करण्याचा आहे. प्रश्न गाळण्याचा नाही.

२०२५ मध्ये वाद नेमका इथे आला. १ जुलैला राज्यांना मिळायचा हा निधी इतर काही योजनांबरोबर रोखला गेला आणि महिनाअखेरीस सोडला गेला. डिस्ट्रिक्ट तेव्हा शिक्षक नेमत होते. पुढच्या वर्षाच्या प्रस्तावित अंदाजपत्रकात तर टायटल थ्रीची स्वतंत्र तरतूदच काढायची सूचना होती. समर्थकांचे म्हणणे असे की अनेक योजनांचा एकच गठ्ठा राज्यांना दिला तर ती गरजेप्रमाणे खर्च करतील, आणि मुलांचा कायदेशीर हक्क कुठे जातो? हक्क जात नाही, हे बरोबर. पण अर्ज गेला की तो बजावला जातो का हे दरवर्षी विचारणारे एक ठिकाण जाते. मग उरते न्यायालय. लाऊ खटला १९७० मध्ये दाखल झाला होता. निकाल आला तोवर तेव्हा पहिलीत असलेले मूल पाचवीत गेले होते.