काजूची बी: झाडाखालून डब्यापर्यंत

फाल्गुन लागला की आपल्या कोकणात आणि पलीकडे गोव्यात बायकांची पहाट काजूखाली उजाडते. कमरेला टोपली, हातात काठी आणि झाडाखाली लालपिवळ्या बोंडांचा सडा. वैशाखापर्यंत हेच काम. म्हणून आज बोलू काजूच्या बीविषयी. ती वेचायची कशी, सुकवायची कशी, फोडायची कशी आणि टिकवायची कशी.

आधी घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म काजू फोडले. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं, तेव्हा त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. बोटांची कातडी सोलून सोलून गुळगुळीत झाली होती. "काजूच्या कामात हात काळे व्हायचेच," असं त्या म्हणायच्या. पण मैत्रिणींनो, ते व्हायलाच हवेत असं नाही.

काजूच्या टरफलात चिकट, काळपट तेल असतं. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा उततो, आंब्याचा चीक भाजतो, तसंच हे तेल कातडी जाळतं. ही एक गोष्ट मनात धरली की पुढची सगळी काळजी आपोआप समजते.

वेचणी : बी झाडावरून ओरबाडू नका. बोंड पिकून आपोआप खाली पडू द्या. पिकलेल्या बोंडाची बी भरलेली असते. घाईने पाडलेलीत गर बारीक आणि सुरकुतलेला निघतो. शंका वाटली तर मूठभर बिया पाण्यात टाका. भरलेली बी बुडते, पोचट तरंगते. रोजची बी रोज वेचा. रात्रभर दवात राहिली की तिला बुरशी धरते. बी पिळून काढल्यावर बोंडाचा गर तिला चिकटून राहिला असेल तर तोही पुसून काढा, बुरशी तिथूनच सुरू होते.

सुकवणी : ताज्या बीत ओल बरीच असते, शंभर किलोत वीस किलोच्या आसपास पाणीच. ते आठ किलोच्या आसपास यायला हवं. सारवलेल्या खळ्यात किंवा ताडपत्रीवर पातळ थर पसरा, दिवसातून दोन-तीनदा हात फिरवा आणि संध्याकाळी झाकून ठेवा. तीन-चार कडक उन्हं पुरतात. सुकली हे कसं ओळखायचं? टरफलावर नख रुतत नाही, आणि ओंजळीतून खाली सोडली की बी खडखड वाजते.

आता पैशाचा हिशेब. "सुकवली की वजन घटतं, मग ओलीच विकलेली बरी," असं पुष्कळ जणी म्हणतात. वजन घटतं हे खरं. शंभर किलो ओली बी सुकून साधारण सत्त्याऐंशी किलो भरते. म्हणजे सुक्या बीला ओलीपेक्षा किलोमागे पंधरा टक्के जास्त भाव मिळाला तर बरोबरी होते, त्याहून वर मिळालं तो आपला फायदा. दुसरं म्हणजे, ओली बी त्याच दिवशी व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागते. सुकी बी थांबू शकते. थांबता येणं हीच आपली ताकद.

साठवण : उन्हातली गरम बी थेट पोत्यात भरू नका. आत घाम सुटतो आणि गर काळा पडतो. सावलीत गार होऊ द्या, मग गोणपाटात भरा. खताच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. पावसाआधी एकदा पुन्हा ऊन द्या.

फोडणी : ही फोडणी कढईतली नव्हे! पूर्वी आपण बी पत्र्यावर भाजायचो. तेल पेट घेतं, धूर डोळ्यांत आणि छातीत जातो. अजूनही घरच्यापुरती भाजत असाल तर उघड्यावर भाजा, वाऱ्याकडे पाठ करा, पोरांना लांब ठेवा. जाळ विझवून बी राखेत घोळवा, राख तेल शोषते. घरातल्या चुलीवर कधीही भाजू नका आणि टरफलं सरपण म्हणूनही आत लावू नका.

गटाने काम करायचं असेल तर वाफवणं चांगलं. बी वाफवायची, सावलीत रात्रभर पसरून गार आणि कडक होऊ द्यायची, मग हातापायाने चालणाऱ्या कटरवर फोडायची. धूर होत नाही, गर पांढरा राहतो आणि अख्खा जास्त निघतो. हातमोजे घाला. मोज्यांनी काम उरकत नसेल तर बोटांना खोबरेल किंवा एरंडेल लावा, वर राख चोळा आणि दर थोड्या वेळाने पुन्हा लावा. ओले काजू उसळीसाठी कापतानाही हेच करा. चीक लागलाच तर आधी गोडेतेलाने पुसून मग साबणाने धुवा. तो हात डोळ्याला नको. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन दवाखाना गाठा. आणि कच्ची बी दाताने फोडायची नाही, हे पोरांना सांगून ठेवा.

गर : फोडलेला गर मंद उष्णतेवर सुकवला की लालसर साल सैल होते आणि बोटाने निघते. चाकूने खरवडू नका. मग अख्खे, पाकळी आणि तुकडा वेगळे करा, एकत्र विकले तर भाव तुकड्याचाच मिळतो. बाजारात २४०, ३२० असे नंबर ऐकता ना? एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये किती अख्खे गर मावतात, तो हा आकडा. नंबर लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. चार किलो सुक्या बीतून साधारण एक किलो गर निघतो. ठरवण्याआधी हा हिशेब मांडा : चार किलो बीची किंमत, इंधन आणि प्रत्येकीची मजुरी एका बाजूला, किलोभर गराचा भाव दुसऱ्या बाजूला. आपली मजुरी धरायला विसरू नका, तीच आपण नेहमी विसरतो.

गर कुरकुरीत वाळला की गार करून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. काजूत तेल असतं, हवा आणि ओल लागली की खवट वास येतो. लहान लहान पाकिटं करा, म्हणजे मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही.

काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी इकडे आणला. तो आपल्या मातीत रुजला तो बायकांच्या हातांनी. पुढच्या बैठकीत बीच्या भावाबरोबर एक विषय आणखी घ्या : गटाच्या पैशातून सगळ्यांसाठी हातमोजे. पुढच्या वेळी बोंडाच्या सरबताविषयी बोलू. तोवर हात जपा. नमस्कार.