बालकांचे व्याधिक्षमत्व : सहज, कालज व युक्तिकृत बलाचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहज, कालज व युक्तिकृत असे त्रिविध बल वर्णिले आहे. ‘मूल सारखे आजारी पडते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बालकाची परीक्षा करताना हे वर्गीकरण आजही मार्गदर्शक ठरते.

प्रथम कालज बल. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत मातेची आयजीजी प्रतिपिंडे अपरेतून गर्भास प्राप्त होतात. अकाली जन्मलेल्या बालकाजवळ हा साठा अपुरा असतो. आयजीजीचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवसांचे असल्याने मातेकडील साठा ओसरत जातो, बालकाची स्वतःची निर्मिती मात्र मंद असते. परिणामी ३ ते ६ महिने या वयात पातळी सर्वांत खाली येते. आयजीए तर पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू वाढत राहते. म्हणून रक्ताचा अहवाल वयानुरूप प्रमाणाशीच ताडून पाहावा.

युक्तिकृत बलात स्तन्याचे स्थान अग्रगण्य होय. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चिकात आयजीए विपुल असते व ते आंत्राचे रक्षण करते. कुपोषणात प्रतिपिंडांची पातळी पुष्कळदा प्राकृत दिसते. तथापि थायमस ग्रंथी क्षीण होऊन पेशीगत प्रतिकार ढासळतो. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये आयजीजी मूत्रावाटे निघून जाते. लस न घेतलेल्या बालकांत गोवरामुळे पूर्वार्जित प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. लसीकरण हाही युक्तिकृत बलाचाच भाग मानावा.

सहज बलाच्या वैगुण्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. १९५२ मध्ये ब्रुटन यांनी ८ वर्षांच्या मुलात गॅमाग्लोब्युलिनचा अभाव वर्णिला. एक्स गुणसूत्रावरील दोषामुळे होणारा हा व्याधी मुलग्यांत आढळतो, बहुधा सहाव्या महिन्यानंतर प्रकट होतो आणि अशा मुलाचे टॉन्सिल अतिशय लहान असतात किंवा दिसतच नाहीत. घसा पाहण्यास बॅटरी पुरेशी आहे!

वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे बालवयात स्वाभाविक होय. परंतु वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, चार वा अधिक वेळा कान फुटणे, वजन न वाढणे, खोलवर विद्रधी, वर्षानंतरही टिकणारा बुरशीजन्य मुखपाक अथवा कुटुंबात अर्भकमृत्यूचा इतिहास असल्यास केवळ रसायन देऊन थांबू नये. सुवर्णप्राशन वा च्यवनप्राश शरीरात नसलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची जागा घेऊ शकत नाही. दरम्यान प्रत्येक न्यूमोनिया फुप्फुसास कायमची इजा करून जाऊ शकतो. अशा बालकास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत या व्याधींचे निदान होते. गंभीर सहज न्यूनतेची शंका असल्यास बीसीजीसारखी जिवंत लस तपासणीपूर्वी देऊ नये.

औषधविक्रेत्यांनाही एक विनंती. एकाच बालकासाठी प्रतिजैविके व बलवर्धके वारंवार नेली जात असतील, तर पुढील बाटली देण्यापूर्वी पालकांना चिकित्सकाकडे पाठवावे. सहज, कालज की युक्तिकृत, कोणते बल उणे आहे हे निश्चित झाल्यावरच रसायनाची योजना सार्थ होते.