वेळासचा शांत किनारा आणि शाळेची सहल

शालेय सहल म्हणजे केवळ मनोरंजन नव्हे. तो उघड्या आकाशाखाली घेतलेला एक पाठच होय. या पाठासाठी स्थळ निवडताना प्रसिद्ध देवस्थान, किल्ला किंवा मोठे शहर यांकडे शिक्षकांचे लक्ष प्रथम जाते. जेथे दुकाने नाहीत, करमणुकीची साधने नाहीत, असा समुद्रकिनारा ‘तेथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे म्हणून वगळला जातो. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासचा किनारा हे या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे.

वेळास हे नाना फडणीस यांचे मूळ गाव. जवळच सावित्री नदीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला आहे. परंतु गावाची आजची कीर्ती त्याच्या वाळूमुळे आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना येथे कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. त्यानंतर संस्था, ग्रामस्थ व वनविभाग यांच्या सहकार्याने संरक्षणाचे काम उभे राहिले. पूर्वी जी अंडी माणसे उकरून नेत, कोल्हे व कुत्री खात, तीच आता कुंपणाच्या आत सांभाळली जातात. पिले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकरी आपल्या घरीच करतात.

ऑलिव्ह रिडले जातीची ही सागरी कासवे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकणच्या किनाऱ्यावर येतात. मादी बहुधा रात्री भरतीच्या रेषेपलीकडे चढून मागील पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते व समुद्रात परत जाते. पुढे दीड ते दोन महिने अंडी उबवण्याचे काम उन्हाने तापलेली वाळूच करते. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर अधिक. जानेवारी २०२२ मध्ये येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे मार्ग कळविणारे यंत्र बसविण्यात आले व तिला ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले.

हे सर्व घडते ते किनारा शांत व अंधारा आहे म्हणूनच. गडबड व उजेड असल्यास मादी अंडी न घालताच माघारी फिरते. पिले उजेडाच्या रोखाने चालतात. नैसर्गिक स्थितीत रात्रीचे समुद्राचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. पण मागे दिवे असले, तर पिले भलत्या दिशेस जाऊन मरतात. वाळूला धरून ठेवणारी मर्यादवेल आणि तिच्यावर पसरणाऱ्या खेकड्यांच्या वाळूच्या गोळ्या हाही त्याच जीवनाचा भाग आहे. ज्याला आपण ओसाड म्हणतो, तो किनारा वस्तुतः भरलेला असतो.

म्हणून शिक्षकांनी सहलीची पूर्वतयारी वर्गातच करावी. प्रथम भरती-ओहोटीचे गणित घ्यावे. कोकणात तिथीच्या पाऊणपट केल्यास भरतीची स्थूल वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीस ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात तिथी पुन्हा १ पासून मोजावी. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. सहलीचा दिवस मात्र गावातील जाणत्या मच्छीमारास विचारूनच निश्चित करावा. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी फार वेगाने वर येते, हे ध्यानात असू द्यावे. कोणत्याही विद्यार्थ्यास पोहण्यासाठी पाण्यात उतरू देऊ नये. दर दहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी व परतताना पटावरून हजेरी घ्यावी.

किनाऱ्यावर पुढील नियम पाळावेत. चालताना ओल्या वाळूवरून चालावे. भरतीच्या रेषेवरील कोरड्या वाळूत घरटी असू शकतात. पिले सोडली जात असताना दोरीच्या मागे शांत उभे राहावे, विजेरी लावू नये, पिलास हात लावू नये. मुलांना दया येऊन पिलू उचलून पाण्यात ठेवावेसे वाटेल; परंतु त्या चालण्यातूनच पिलाला आपल्या किनाऱ्याची ओळख पटत असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. जिवंत प्राणी असलेले शंख गोळा करू नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये कासव व त्याची अंडी यांस संरक्षण आहे, हेही मुलांस सांगावे.

परतल्यावर निबंधापेक्षा निरीक्षण-नोंदीस अधिक महत्त्व द्यावे. प्रत्येकाने आपण पाहिलेल्या तीन गोष्टी व मनात आलेला एक प्रश्न लिहावा. ज्या शाळांना वेळास दूर आहे, त्यांनी जवळची खाडी, नदीकाठ किंवा तळे निवडावे. रीत तीच राहील.

पिले वाळूतून निघतील त्याच दिवशी सहल पोहोचेल, याची शाश्वती नसते. एखाद्या शाळेस केवळ वाळू, लाटा व पक्षीच दिसतील. तेव्हा सहल वाया गेली असे शिक्षकांनी मुलांस वाटू देऊ नये. निसर्ग आपल्या सोयीने चालत नाही, आपण त्याच्या वेळेने चालावयाचे असते, हा धडा त्या दिवशी अधिक चांगला शिकवता येतो.