सत्तर कॅरेटचं वजन जातं कुठे?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एक कॅरेट वीस किलोचं धरतात. पिकअपच्या हौद्यात सत्तर कॅरेट चढवली की झाले चौदाशे किलो. मग फाळका लावायचा, दोरी आवळायची, ताडपत्री ओढायची आणि वाशीची वाट धरायची. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे महिंद्राची बोलेरो पिकअपच येते. टाटाची योद्धा असली तरी पुढची गोष्ट तीच. शेतकऱ्याच्या डोक्यात भाव असतो, ड्रायव्हरच्या डोक्यात घाट. मला मात्र भलताच प्रश्न छळतो: हे चौदाशे किलो जातात कुठे? हौद्याच्या पत्र्यावर तर ते थांबत नाहीत. पोलाद, ग्रीस, हवा असं करत करत ते डांबरापर्यंत उतरतात, आणि त्या उताराच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी विलक्षण करून ठेवलेलं आहे. गाडीला काय नवं लावावं आणि काय वेळच्या वेळी बदलावं, हे त्या पायऱ्या एकदा पाहिल्या की बरंचसं आपोआप कळतं.

पहिली पायरी पाट्यांची. गाडीखाली वाकून पाहिलं तर पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. त्यात काय एवढं, असं वाटतं. पण मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी शंकरपाळ्याच्या आकाराची पोलादी प्लेट मनात आणा. टोकांना आधार, मध्यभागी भार. अशी प्लेट वाकते तेव्हा ताण सगळीकडे सारखा पडतो. कुठला भाग जास्त राबत नाही, कुठला फुकट बसत नाही. अडचण एवढीच की इतकी रुंद प्लेट गाडीखाली मावणार नाही. म्हणून तिच्या लांबीच्या दिशेने पट्ट्या कापायच्या आणि लांब पट्टीखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड अशा रचायच्या. झाला पाट्यांचा गठ्ठा! पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि गचक्यातली थोडी ताकद त्या घासण्यातच मुरते, म्हणजे शॉकअपचं थोडं काम पाटेच करून टाकतात. दबलेला पाटा सपाट होतो, सपाट झाला की लांबतो. म्हणून त्याचं एक टोक शॅकलला अडकवलेलं, मागेपुढे झुलायला मोकळं. सर्वांत खालचा जाड पाटा तर गाडी रिकामी असताना काहीच करत नाही. भार वाढला की तो कामाला लागतो.

रिकामी पिकअप खड्ड्यात उडते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. उडणारच. तिचे पाटे ज्या वजनासाठी घडवले आहेत ते त्या वेळी हौद्यात नसतं.

आता पिकअपवाल्यांची सर्वांत लाडकी सुधारणा: एक पाटा वाढवून घेणे. खर्च फार नाही, अर्ध्या दिवसाचं काम, आणि भरलेली गाडी मागे बसत नाही. दिसायला सगळं झकास. पण वाढवलेल्या पाट्याने वजन खाऊन टाकलं का? नाही, ते तसंच खालच्या पायरीवर उतरतं, आणि पाटा वाढला म्हणून जादा माल भरला तर तोही. तिथे चाकाचं बेअरिंग आहे. १९४७ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन या दोघांनी बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं, आणि ते हिशेबाला भलतंच कडक निघालं. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, जवळजवळ दहावा हिस्सा उरतं. भार फक्त २० टक्क्यांनी वाढवला तरी आयुष्य ५४ टक्क्यांवर येतं. गंमत म्हणजे झीज सुरू होते ती पृष्ठभागावर नव्हे, त्याच्या किंचित खाली. पोलादाच्या आत, जिथे कुणी पाहू शकत नाही तिथे, तडा वाढत राहतो. मग एक दिवस वरचा पापुद्रा निघतो आणि चाकातून घूं घूं यायला लागते. तोवर वाढीव पाट्याचा खर्च वसूल झाल्याचा आनंद साजरा होऊन गेलेला असतो.

पाटा वाढला की गाडीचा मागचा भाग उंचावतो, आणि इथे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे कोनात फिरणारे सांधे, कुरकुरायला लागतात. ज्याच्या नावाने स्प्रिंगचा नियम शिकवतात त्या रॉबर्ट हूकने सतराव्या शतकात या सांध्यावरही काम केलं होतं. या सांध्याला एक खोड आहे. कोनात फिरताना एका बाजूचा दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरवला, तरी दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. त्यावर तोड काय? तशीच खोड असलेला दुसरा सांधा उलट जुळवून बसवायचा. पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो आणि चाकाकडे जाणारा वेग गुळगुळीत होतो. मात्र दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. ते बिघडले की ठराविक वेगाला गाडी थरथरते, आणि कोन वाढले की क्रॉसच्या आतले बारीक रोलर जास्त वळवळतात. म्हणूनच क्रॉसच्या निप्पलला ग्रीस गन लावणाऱ्या पोऱ्याला घाई करू द्यायची नाही. जुनं मळकं ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येईपर्यंत त्याने दाबत राहिलं पाहिजे.

त्याखालची पायरी म्हणजे टायर, आणि तिथे भार पेलते ती हवा. रबर फक्त तिला कोंडून ठेवतं. टायरमध्ये हवा ५० पीएसआय असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने साडेतीन किलो तोलले जातात. मागच्या एका टायरवर नऊशे किलो आले तर तो रस्त्याला टेकणार सुमारे २५७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सोळा बाय सोळाच्या एका तुकड्यापुरता. अशा चार तुकड्यांवर माल, ड्रायव्हर आणि त्याच्या घरच्यांची काळजी उभी असते. हवा कमी झाली की तुकडा पसरतो, टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त मुडपते, आणि त्या मुडपण्यातून उष्णता तयार होते. उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना ती निवायला उसंतच मिळत नाही. दाराच्या चौकटीजवळ कंपनीने भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी हवेचे आकडे दिलेले असतात. ते वाचायला पैसे पडत नाहीत. नायट्रोजनला मात्र पडतात. साध्या हवेत तो आधीच ७८ टक्के असतो, तेव्हा त्यावर खर्च करण्याआधी हवेचा एक चांगला गेज घ्यावा.

वजनाची वाट इथे संपली, पण ते वजन ओढणारं इंजिन राहिलंच. तिथली गोष्ट मला सर्वांत आवडते. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर आलं. त्यांनी बूच मारलं. ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. म्हणजे आत तेलाचा जबर दाब तयार होत होता, आणि तो कुठल्या पंपाने नव्हे, आसाच्या फिरण्यानेच! फिरता आस तेलाला अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढत नेतो, तेल तिथे दाटतं आणि आसाला उचलून धरतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी या चमत्काराचं गणित लिहिलं.

पिकअपचा क्रँक आजही असाच तरंगतो. इंजिन चालू असताना पोलाद बेअरिंगला शिवत नाही. मधला थर असतो काही मायक्रॉनचा. खरी घासाघीस होते ती सकाळी चावी फिरवल्यावर, तेल पोचायच्या आधी. म्हणून इंजिन सुरू होताच रेस देणाऱ्याला चार शब्द सुनवायला हरकत नाही. त्या कोरड्या क्षणांसाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग असतं. जिथे धातू धातूला भिडतो, तापतो, नेमक्या तिथेच ते काचेसारखा अतिबारीक थर धरतं. तो थर स्वतः घासला जातो, धातूला वाचवतो, आणि पुन्हा तयार होतो. साठा संपेपर्यंत.

त्याच ऑइलमध्ये चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात. डिझेल जळताना तयार होणारं आम्ल ते मारतात. आणखी काही घटक काजळीच्या कणांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. म्हणून बोटावर थेंब घेऊन ‘ऑइल काळं पडलं, गेलं’ असं म्हणणारे उस्ताद डिझेल गाडीच्या बाबतीत फसतात. काळं पडलेलं ऑइल आपलं काम करत असतं. ते खरोखर संपतं ते जस्त आणि चुनखडी संपल्यावर, आणि ते बोटाला कळत नाही. किलोमीटरचा आकडा पाळायचा तो याकरता. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद न करण्याचं कारणही ऑइलच आहे: टर्बो मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो, त्याचा दांडाही तेलावरच तरंगतो, आणि अचानक बंद केलं की तापलेल्या दांड्याभोवतीचं तेल तिथेच करपतं. एखादं मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं.

लावून घ्यायच्या बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. हौद्यात चेकर प्लेट टाकणं हा शहाणा खर्च. मूळ पत्रा झिजत नाही, कॅरेट सरकत नाहीत. पुढचा लोखंडी गार्ड रुबाबदार दिसतो, पण धडकेत चुरगळून मार शोषायचा जो भाग असतो त्याला तो शोषू देत नाही, धक्का सरळ चॅसीला देतो. २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा ठरवले. हेडलाइटमध्ये स्वस्त एलईडी बल्ब घालणाऱ्यांना एवढंच सांगेन की त्या काचेमागचा आरसा जुन्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम थोडा जरी हलला तरी उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता घाट. चाकण-तळेगावमार्गे आलेली गाडी बोरघाट उतरते. मालासकट वजन तीन टन आणि उतार पाचशे मीटर उंचीचा धरला, तर वाटेत सुमारे १ कोटी ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पन्नास लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला पुरेल इतकी! थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली इंजिनाने नाहीतर ब्रेकने पत्करायची. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा ड्रायव्हर ती सगळी ब्रेकवर टाकतो, आणि डिझेलही वाचवत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. इंजिन चाकांनी फिरवलं जातं. न्यूट्रल केलं की बिचाऱ्याला चालू राहण्यापुरतं डिझेल जाळावंच लागतं.

ब्रेक तापले की ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ताजं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं, रबरी नळ्यांमधूनसुद्धा. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की हाच आकडा १४० वर येतो. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते, मग पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. डॉट ४ घातलं तर हे आकडे २३० आणि १५५ होतात, कंपनीची परवानगी असेल तर. पिकअपला करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची सुधारणा माझ्या मते हीच. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलताना सीलबंद बाटली आपल्या समोर उघडायला सांगा, आणि उरलेलं अर्धं पुढच्या वेळेसाठी गॅरेजच्या फळीवर ठेवू देऊ नका. झाकण निघाल्यापासून तेही पाणी प्यायला लागतं.