पदवी हातात, फळा लांब

बी.एड. पूर्ण केलेल्या मुलीबद्दल घरचे ‘ती शिक्षिका झाली’ असं सांगतात. स्थळ घेऊन येणारेही तेच धरून चालतात. पण विद्यापीठाने तिच्या हाती दिलेला कागद म्हणजे दवाखान्याबाहेरच्या रांगेतलं टोकन असतो. नंबर कधी लागेल याची हमी त्यात नसते. पुढे टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही निवड चाचणी, मग ‘पवित्र’ या सरकारी भरती पोर्टलवरचे प्राधान्यक्रम, कागदपत्र पडताळणी आणि तीन वर्षांचं शिक्षणसेवकपण. शाळा खाजगी अनुदानित असेल तर शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता आणि पगारासाठीचा शालार्थ क्रमांक हेही आलंच. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या खऱ्या दुखण्यावरचा उपाय म्हणून आली, आणि म्हणून कोणतीही एक पायरी काढून टाका असं सहज म्हणता येत नाही. मात्र सगळी वाट एकत्र पाहिली की एक गोष्ट खटकते. उमेदवाराला शिकवता येतं का, हे निवांतपणे पाहणारी जागा या वाटेवर एकच आहे, ती म्हणजे अध्यापक महाविद्यालय. आणि निवडीच्या वेळी तिथल्या गुणांना कोणी विचारत नाही.

पूर्वी हा मामला सुटसुटीत होता. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला मुलगा मास्तर होत असे, आणि नोकरीत राहून किंवा रजा घेऊन ट्रेनिंग कॉलेजात जात असे. त्याच्याही आधी सावित्रीबाई फुल्यांनी अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले होते. आपल्याकडच्या शिक्षकप्रशिक्षणाची गोष्ट तिथपासून सांगता येते. माध्यमिक शाळांसाठी मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं, पुण्यात १९४१ मध्ये टिळक शिक्षण महाविद्यालय. ‘बी.ए., बी.टी.’ अशी पाटी दारावर लागली की गल्लीत वजन वाढायचं. बी.टी.चं पुढे बी.एड. झालं, प्राथमिक शिक्षकांच्या पी.टी.सी.च्या जागी बारावीनंतरचं डी.एड. आलं, आणि आता त्या पदविकेला डी.एल.एड. म्हणतात. साधारण नियम असा बसला की पहिली ते पाचवीसाठी पदविका, सहावीपासून दहावीपर्यंत पदवी आणि बी.एड., तर कनिष्ठ महाविद्यालयाला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. सहावी ते आठवीला पदवीधर डी.एड.वाल्यांनाही वाव आहे.

गाडी घसरली ती डी.एड.मध्ये. या शतकाच्या पहिल्या दशकात बारावीला बरे गुण पडले की ‘दोन वर्षं डी.एड. कर, झेडपीची ऑर्डर येतेच’ हा खेड्यापाड्यातला ठरलेला सल्ला होता. मागणी दिसली तसा पुरवठा झाला; ज्यांचा शिक्षणशास्त्राशी कधी संबंध आला नव्हता त्या संस्थांनीही डी.एड. विद्यालयं काढली. महाराष्ट्रातल्या अशा २९१ नव्या विद्यालयांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने दिलेल्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि त्यात प्रशिक्षणाचा कालावधी वाढवण्याची शिफारस होती. आज देशभर बी.एड. दोन वर्षांचं आहे, त्यामागच्या कारणांमध्ये आपली ही २९१ विद्यालयंही आहेत. अभिमान बाळगावा अशी ही बाब नव्हे.

त्याच सुमारास दारंही बंद झाली. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावरची खोटी मुलं उघडी पडली. पट घटला तशी शिक्षकांची पदं घटली, ‘अतिरिक्त शिक्षक’ हा शब्द रोजच्या वापरात आला आणि मे २०१२ मध्ये भरतीवर बंदी घातली गेली. डी.एड. होऊन बाहेर पडलेली एक अख्खी पिढी समायोजन, संचमान्यता, बिंदुनामावली हे शब्द शिकत तिशीत पोचली. पुढे विद्यालयांतल्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि कितीतरी इमारतींवर वेगळ्याच पाट्या लागल्या.

बी.एड.चं काय झालं, ते जरा थांबून पाहायला हवं. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने २०१५-१६ पासून अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. प्रवेशाला पदवीत किमान ५० टक्के गुण, राखीव गटांना सवलत. शिवाय राज्याची सीईटी, तिच्यात बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. वर्षाला २०० दिवस काम, तासांना ८० टक्के हजेरी, आणि शाळेतल्या अनुभवाला ९० टक्के. शाळेत किमान २० आठवडे काढायचे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. जुन्या एका वर्षाच्या बी.एड.मध्ये दोन अध्यापन पद्धतींचे मिळून साधारण चाळीस सराव पाठ असत आणि उन्हाळा लागायच्या आत सगळं उरकावं लागे. त्या मानाने ही रचना कागदावर तरी कितीतरी भरभक्कम आहे.

ज्याने हे केलंय त्याला पाठ टाचणाची वही आठवत असेल. सामान्य उद्दिष्टे, विशिष्ट उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय, शेवटी फलक आराखडा. हर्बार्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारातून त्याच्या अनुयायांनी काढलेली पंचपदी आपल्या वह्यांत अशी काही मुरली की हेतुकथन विसरलेल्या छात्राध्यापकाचा घाम आजही तितकाच खरा असतो. तिच्यावर हसणं सोपं आहे. पण तास सुरू करण्याआधी आपण मुलांना काय विचारणार आहोत आणि मूल काय उत्तर देईल, हे लिहून काढायला लावणारी दुसरी शिस्त मला माहीत नाही.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते सूक्ष्म अध्यापन. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत घडली आणि आपल्याकडे तिला भारतीय बेतात बसवलं गेलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं : सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणं, चेतक बदल, फलक लेखन, प्रबलन. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सहकाऱ्यांकडून चुका ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, सहा मिनिटं परत शिकवायचं, सहा मिनिटं परत ऐकून घ्यायचं. पूर्ण चक्र ३६ मिनिटांचं. आपल्या व्यवस्थेत चूक कळल्यावर लगेच दुरुस्त करायची मुभा देणाऱ्या जागा फार थोड्या, आणि ही त्यातली एक.

ही झाली चांगल्या महाविद्यालयाची गोष्ट. बाकी ठिकाणी काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘अटेंडिंग की नॉन-अटेंडिंग?’ हा प्रश्न प्रवेशाच्या चौकशीला फोन केल्यावर आता उघड विचारला जातो. नॉन-अटेंडिंगचा दर वेगळा, हजेरी महाविद्यालयच लावणार, वह्या आणि पाठ बाहेरून लिहून मिळणार. अनेक स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयं किंमत घेऊन पदव्या विकतात, असं वर्मा आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच छापलेलं आहे. सरकारी दस्तऐवजात इतकी उघड कबुली सहसा सापडत नाही. आणि इथेच पुढच्या सगळ्या परीक्षांचं मूळ आहे. पदवीवरचा विश्वास उडाला म्हणून चाळणी आली, आणि चाळणीतच सगळं ठरणार म्हटल्यावर पदवी नीट करण्याचं कारणही गेलं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय परिषदेला मिळाला आणि तिने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठी टीईटी सक्तीची केली. नववी-दहावीला ती नाही, कारण तो कायदा आठवीला थांबतो. महाराष्ट्राची पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे प्रश्न, अडीच तास, चुकीला गुण कापणं नाही, ६० टक्क्यांना पास. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांना ६०. प्रश्न आठवीपर्यंतच्या पुस्तकांभोवतीचे आणि तरी निकाल दर वेळी तोळामासा लागतो. प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षं होती, २०२१ मध्ये ती आजन्म झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुणे पोलिसांनी टीईटीतला गैरव्यवहार उघडकीस आणला. परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्याच आयुक्तांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी २०१९-२० च्या परीक्षेतल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द झाली. पदवी विकली जाते म्हणून परीक्षा आणली, तर परीक्षाही विकली गेली.

टीईटीने फक्त पात्रता मिळते. निवड होते ती टेटवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीवर. ही २०१७ मध्ये आली, मग २०२३ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये झाली. मधली वर्षं उमेदवारांनी मोजली. संगणकावर दोन तासांत दोनशे प्रश्न : अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. भागाकार केला तर एका प्रश्नाला ३६ सेकंद येतात. सूक्ष्म अध्यापनात जितकी मिनिटं, तितके इथे सेकंद. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत मुलाखत नसते. टेटचे गुण, आरक्षण आणि पोर्टलवर भरलेले प्राधान्यक्रम यांवर यादी लागते. पैसे घेऊन होणाऱ्या भरतीला यामुळे बराच आळा बसला, हे कबूल करायलाच हवं. खाजगी अनुदानित संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे, तिथे मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांना मिळून ३० गुण असतात. गंमत अशी की उमेदवाराचा पाठ पाहण्याची सोय नेमकी तिथेच उरली आहे, जिथल्या मुलाखतीवर लोकांचा विश्वास सगळ्यात कमी.

एवढं होऊन नेमणूक मिळते ती शिक्षणसेवक म्हणून. आधी मानधन ६, ८ आणि ९ हजार होतं. २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. तीन वर्षं झाली की वेतनश्रेणी. ज्यांना हेही मिळत नाही ते विनाअनुदानित वर्गावर किंवा तासिका तत्त्वावर उभे असतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर तो वेगळा लेख होईल.

न्यायालयांनीही या वाटेवर बरीच वळणं आणली. २०१८ मध्ये राष्ट्रीय परिषदेने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं, ते पदविकेत शिकवलं जातं, हा त्यामागचा विचार मला पटतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणं हे दहावीला व्याकरण शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. ज्याने पहिलीचा वर्ग महिनाभर सांभाळलाय तो यावर वाद घालणार नाही. १ सप्टेंबर २०२५ चा निकाल मात्र शिक्षकांच्या खोल्यांतून वीज पडल्यासारखा गेला. महाराष्ट्र आणि तामिळनाडूतून गेलेल्या प्रकरणांत न्यायालयाने ठरवलं की पहिली ते आठवीच्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवा पुरी करता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. वीस-पंचवीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई आता मुलाच्या जुन्या नोट्स काढून बालमानसशास्त्राचे चार पर्याय पाठ करताहेत. त्यांचा वर्ग जाऊन पाहावा, असं या सगळ्यात कोणी सुचवल्याचं ऐकिवात नाही.

नवं धोरण सांगतं की २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता असेल. बारावीनंतर थेट प्रवेश, विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र, प्रवेशाला राष्ट्रीय सामाईक परीक्षा. कल्पना जुनीच आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत असे अभ्यासक्रम १९६० च्या दशकापासून चालतात आणि महाराष्ट्र-गोव्याची मुलंही तिथे जात आली आहेत. चार वर्षं शाळेशी संबंध ठेवलेला मुलगा वर्गात कमी बिचकतो, एवढं तरी नक्की. शिवाय पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. परत आणण्याचा मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला, म्हणजे दहा वर्षांत चाक पुन्हा जुन्या खुणेशी आलं. याच धोरणात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही : शिक्षकाच्या निवडीत वर्गातला प्रात्यक्षिक पाठ किंवा मुलाखत हा अविभाज्य भाग असावा. पोर्टलवर अजून त्यासाठी रकाना नाही. हजारो उमेदवारांचे पाठ पाहणार कोण आणि त्या पाहणाऱ्यांवर भरवसा ठेवणार कोण, ही अडचण खरी आहे. पण दहा-दहा उमेदवारांचे पाठ अनोळखी शाळेत, बाहेरच्या जिल्ह्यातल्या तीन परीक्षकांसमोर, चित्रीकरणासह घेणं हे निवडणुका पार पाडणाऱ्या राज्ययंत्रणेला जमणार नाही असं नाही.

चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची २०२३-२४ मध्ये सुरू झालेली पहिली तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात बाहेर पडेल. सेवेतल्या शिक्षकांना दिलेली दोन वर्षांची मुदतही त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंतची. म्हणजे त्या वर्षीच्या टीईटीला एकाच बाकावर बाविशीतला पदवीधर आणि पन्नाशीजवळ पोचलेले मुख्याध्यापक शेजारी-शेजारी बसलेले असतील, आणि दोघांपुढे तेच दीडशे प्रश्न असतील.