जमिनीवर बसलेले देश

हवामान परिषदेची बातमी वाशीमला पोहोचते ती ‘वाटाघाटी फिसकटल्या’ एवढ्या दोन शब्दांत. जवळपास दोनशे देश दरवर्षी एकत्र बसतात, मग अडते कुठे? हे उमगावे म्हणून ‘क्लायमेट इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था आणि अमेरिकेतील एमआयटी यांनी ‘वर्ल्ड क्लायमेट’ हा खेळ तयार केला. आपल्या महाविद्यालयांत होणाऱ्या अभिरूप संसदेचाच हा भाऊबंद.

वर्गाचे सहा गट पडतात : अमेरिका, युरोपीय संघ, इतर विकसित देश, चीन, भारत आणि इतर विकसनशील देश. श्रीमंत गटांना टेबल-खुर्च्या आणि खाऊ. सर्वांत गरीब गट जमिनीवर. प्रत्येकाने सांगायचे, की उत्सर्जनाची वाढ कोणत्या वर्षी थांबवू, घट कधी सुरू करू, दरसाल किती टक्के करू, जंगल किती राखू आणि हवामान निधीत किती देऊ किंवा त्यातून किती मागू. हे आकडे ‘सी-रोड्स’ या संगणकीय प्रतिमानात भरले, की शतकअखेरची तापमानवाढ पडद्यावर दिसते. पहिल्या फेरीत ती बहुधा २ अंशांच्या बरीच वर राहते. भाषणे उत्तम झालेली असतात, बेरीज मात्र जुळत नाही. मग पुन्हा घासाघीस.

शिकणे घडते ते इथेच, कारण उत्तर शिक्षक सांगत नाही, बेरीज सांगते. आठ देशांतील २,०४२ सहभागींचा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ टक्क्यांची हवामानासाठी काही करण्याची इच्छा खेळानंतर वाढली होती.

निधीवरून होणारी भांडणे काल्पनिक नाहीत. वर्षाला १०० अब्ज डॉलरचे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिले गेले. मुदत २०२० ची होती, रक्कम भरली २०२२ मध्ये. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले, तेव्हा ते अपुरे असल्याचे सांगत भारताने जाहीर आक्षेप घेतला.

वाशीमच्या विद्यार्थ्याला भारताची बाजू मांडणे सोपे जाईल : ‘आधी ज्यांनी धूर सोडला, त्यांनी आधी थांबावे.’ पण हाच न्याय गावात लावून पाहावा. ‘पोकरा’ प्रकल्पातील गावांत पाण्याचा ताळेबंद मांडतात : पाऊस किती, वाहून गेले किती, जमिनीत मुरले किती, पिकांना हवे किती. ताळेबंदात तूट निघाली, तर आधी कोणी थांबायचे? खोल बोअर आणि संत्र्याची बाग असलेल्याने, की पावसावर सोयाबीन घेऊन हरभऱ्याच्या एका पाण्याची वाट पाहणाऱ्याने? परिषदेत जमिनीवर बसलेला गावात कदाचित खुर्चीवर असतो.

म्हणून हा खेळ दोनदा खेळावा, एकदा देशांचा आणि एकदा आपल्या शिवाराचा. दुसऱ्या वेळी बागायतदाराच्या मुलाला कोरडवाहू शेतकऱ्याची भूमिका द्यावी आणि कोरडवाहूच्या मुलीला बागायतदाराची. तूट कागदावर तेवढीच राहील. तिच्यावर बोलणारी माणसे मात्र बदललेली असतील.